दुपारची जमावबंदी

आमच्या भावंडांपैकी कुणालाही विचारा, सख्खं, चुलत, आते, मामे, कुठलंही चालेल, की नागावच्या घरात लहानपणी सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा. उत्तर एकच येईल: दुपारच्या झोपेचा. पंगती उठल्या, उष्टी निघाली, जमिनीवरून शेणगोळा फिरला की माजघरात दोन जाजमं पसरली जायची आणि दहाच्या आतल्या प्रत्येकाने तिथे आडवं व्हायचं. झोप येवो न येवो. एक वाजल्यापासून चहाचं आधण चढेपर्यंत अंगणात, वाडीत, विहिरीपाशी एकही पोर दिसता कामा नये. काका या प्रकाराला जमावबंदी म्हणायचे.

नागाव म्हणजे अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आक्षीनंतरचं गाव, अष्टागरातलं. रस्त्यापासून पुळणीपर्यंत लांबट वाड्या, त्यात नारळी-पोफळी, मधोमध घर, मागे विहीर आणि विहिरीवर रहाट. आम्ही बारमाही तिथले. मुंबईची भावंडं मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायची आणि एसटीने धूळ खात यायची. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. 1981 साली त्याचा रायगड झाला, पण आजीने पत्रावर शेवटपर्यंत कुलाबाच लिहिलं. मुंबईकर आले की घरात पोरांची खिल्लारं व्हायची आणि जमावबंदीचा अंमल कडक व्हायचा.

आजी दाराच्या उंबऱ्यावर डोकं ठेवून आडवी व्हायची. तिला ओलांडून बाहेर जाणं अशक्य. माजघरात अंधार, खिडक्यांना ओल्या गोणपाटाचे पडदे, छपरात कुठेतरी खारीची खुडबुड. आम्ही डोळे मिटून पडलेले. मग ती छताकडे बघत म्हणायची, "जो खरा झोपलाय त्याचा डावा पाय हलतो." लगेच तीन-चार डावे पाय हलायचे. ज्यांचे हलायचे त्यांना उठल्यावर पाढे म्हणावे लागत. ही युक्ती महाराष्ट्रातल्या निम्म्या आज्यांना ठाऊक असणार, पण आमच्यात एक आतेभाऊ असा होता की तो दर वर्षी नव्याने फसायचा. पुढे तो इंजिनियर झाला.

झोपेच्या जागांनाही घरात उतरंड होती. तान्हं पाळण्यात. पाळणा सुटला की आईच्या कुशीत, आणि खाली दुसरं आलं की आजीच्या. मग माजघरातली ओळ. रात्री त्या ओळीवर एकच मोठी मच्छरदाणी, चार कोपरे चार खुंट्यांना. भिंतीकडची जागा थोरल्यांची, कारण कडेला झोपणाऱ्याचा पाय रात्री जाळीला टेकायचा आणि सकाळी पावलावर डासांची नक्षी उमटलेली असायची. पुरुष पडवीत आणि ओटीवर. झोपाळा मात्र आजोबांचा. सात-साडेसातला भात, आठ-साडेआठला कंदील बारीक, आणि पहाटे रहाट सुरू. रेड्याच्या डोळ्यांना झापडं बांधलेली, तो गोल फिरतोय, लाकडी दात एकमेकांत अडकताहेत, लोटे एकामागून एक वर येऊन पन्हळीत पाणी ओततात, आणि या सगळ्याचा मिळून एक लांबलचक करकरणारा सूर. त्या सुरावर मोठी माणसं उठायची आणि आम्ही कूस बदलून पुन्हा झोपायचो. विजेचा पंप आल्यावर आजोबांना महिनाभर पहाटे चुकल्यासारखं व्हायचं. आम्हाला काही वाटलं नाही. पोरांना आवाज बदलला तरी झोप लागते.

तान्ह्याची झोप हा घराचा वेगळाच उद्योग होता. न्हाऊ घालणारी बाई सकाळी यायची, पायांवर आडवं घेऊन तेल चोळायची, टाळू भरायची, कढत पाण्याने अंग शेकायची. मग ओवा-वेखंडाची धुरी, कुंची, दुपट्यात घट्ट गुंडाळणं, आणि पाळण्यात टाकलं की पोर तीन तास गार. पाळण्याची दोरी लांब असायची. आजी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकायची आणि दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला अडकवायची. हात खडे वेचताहेत, पाय पाळणा हलवतोय. तिचा स्वतःचा डोळा लागला की पाय थांबायचा, पाळणा थांबायचा, पोर कुरकुरायचं आणि ती दचकून जागी व्हायची.

झोपेत बाळ हसलं की ती म्हणे, सटवाई हसवतेय. ओठ काढले तर सटवाई रडवतेय. पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि बोरू ठेवायचा. बाळ झोपलेलं असताना सटवाई येऊन त्याच्या कपाळी लिहून जाणार. त्या रात्री घरातल्या बायकांनी जागायचं. मला या विधीतलं दैव कधी पटलं नाही. पण मूल झोपेत असताना त्याच्यात काहीतरी लिहिलं जातं हा अंदाज शास्त्राच्या आधी कुणीतरी बांधला होता एवढं खरं.

शास्त्राला हे उशिरा कळलं. डोळे मिटलेले असताना बुबुळं आत भराभर फिरतात अशी झोपेची एक वेगळी अवस्था असते, हे शिकागो विद्यापीठातल्या युजिन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 साली छापलं. असेरिन्स्की तेव्हा विद्यार्थी होता, हाताशी पैसा नव्हता, म्हणून त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून त्याला यंत्राला जोडलं. म्हणजे या शास्त्राची सुरुवातही घरातल्याच एका झोपलेल्या पोरापासून झाली. पुढे दिसलं की नवजात बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपतं आणि त्यातली जवळपास निम्मी झोप या जातीची असते. मोठ्या माणसात ती पाचव्या-चौथ्या हिश्श्यावर येते. त्या झोपेत बाळाचे हातपाय उडतात, बोटं आखडतात, ओठ हलतात. आयोवा विद्यापीठातले मार्क ब्लमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की हे उडणं स्वप्नातली धडपड नाही. स्नायू उडतो, त्याची खबर मेंदूला जाते, आणि हा हात, हे बोट, इथून इथपर्यंत मी, असा स्वतःच्या अंगाचा नकाशा मेंदू त्यातून आखत जातो. सटवाईचं खातं असं आता मेंदूकडे गेलं आहे.

जुन्या घरातलं सगळंच सोन्याचं होतं असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. गुटी उगाळताना सहाणेवर मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड फिरायचं तसं जायफळही. पोर रात्री फार किरकिर करत असेल तर जायफळाचा वळसा हळूच वाढायचा, कारण जायफळाने गुंगी येते हे प्रत्येकीला माहीत होतं. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको म्हणतात आणि त्यांचं बरोबर आहे. याहून वाईट गोष्ट होती ती बाळागोळी. आमच्या आळीत एक म्हातारी होती, उमेदीची वर्षं मुंबईत गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काढून परत आलेली. ती सहज बोलून जायची की पोराला गोळी चाटवून कामावर जायचं, दुपारपर्यंत घोर नाही. गोळीत अफू असायची. गिरण्यांतल्या बाळंतिणींची पाहणी करायला सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंचा अहवाल 1922 साली निघाला. त्यांनी लिहून ठेवलंय की या कामगार बायकांच्या शंभर तान्ह्यांमागे अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते. कुलाबा आणि रत्नागिरीतूनच तर माणसं गिरण्यांत जात होती. त्या म्हातारीला दोष देण्याची माझी छाती नाही. गावात पाळण्याची दोरी ओढायला सासू होती, नणंद होती, मोठी मुलगी होती. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत कुणीच नव्हतं. मूल झोपायचं तर कुणीतरी जागं लागतं. ते माणूस मिळालं नाही की त्याची जागा गोळीने घेतली.

कुणीतरी जागं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बाईच. माझी थोरली चुलतबहीण यावर अजून तापते. तिचं म्हणणं, दुपारच्या झोपेतून मुलगे सुटायचे ते विटीदांडू खेळायला. मुलींना नववं-दहावं लागलं की जाजमावरून उठवून भिरंडं फोडायला, आठळ्या सोलायला बसवायचे. "तुमची झोप तुम्ही मोठे झालात म्हणून संपली, आमची कामाला लावायची म्हणून." यावर आमच्यातल्या एकाही पुरुषाला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

कोळ्यांच्या घरात घड्याळ वेगळंच. माझ्या वर्गात आक्षीच्या कोळीवाड्यातला एक मुलगा होता. होडी केव्हा लोटायची आणि केव्हा लागणार हे भरती-ओहोटीवर, आणि भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. होडी मध्यरात्री लागली तर घर मध्यरात्री जागं, मासळी निवडणं सुरू, पोरगंही उठून बसायचं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला त्याची मान पाटीवर. आम्ही खिदळायचो. गुरुजी म्हणायचे, "त्याला उठवू नका रे, तो रात्रपाळी करून आलाय." मधल्या सुट्टीनंतर त्याला एकट्याला फळ्याशी घेऊन गुणाकार शिकवायचे. गुरुजींनी कुठलाही शोधनिबंध वाचला नव्हता. झोपाळलेल्या डोक्यात आकडा उतरत नाही एवढं चाळीस पोरं सांभाळून त्यांना कळलं होतं.

आता शोधनिबंध आहेत. 2006 साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या रिबेका गोमेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा महिन्यांच्या बाळांना एक बनावट भाषा ऐकवली, ज्यात शब्दांच्या जोडीला एक नियम होता. काही बाळं त्यानंतर झोपली, काही जागी राहिली. जागी राहिली त्यांना ऐकलेले शब्द ओळखता आले. झोपून उठली त्यांनी त्यामागचा नियम उचलला, नव्या शब्दांतही तो शोधला. हे वाचल्यावर मला आमच्या घरातली पोरं आठवली. दिवसभर वीस तोंडांतून मराठी कानावर पडायचं, कोळणीची बोली वेगळी, भटजींची वेगळी, मुंबईकरांची वेगळी, आणि मधेच झोप. "मी आंबा खाल्ली" म्हणणारं पोर काही दिवसांनी आपोआप "खाल्ला" म्हणायला लागायचं. कुणी व्याकरण शिकवलेलं नसायचं.

दुसरा प्रयोग तर आमच्या जाजमावर झाल्यासारखाच आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या रिबेका स्पेन्सर यांनी 2013 साली तीन ते पाच वर्षांच्या बालवाडीतल्या मुलांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला. उलटे पत्ते मांडून जोड्या लावतो ना, त्याच पठडीतला. एकदा मुलांना दुपारी झोपू दिलं, एकदा जागं ठेवलं. झोपल्या दिवशी त्यांना जागा चांगल्या आठवल्या. जागं ठेवल्या दिवशी विसरली, आणि ते विसरलेलं रात्रीच्या झोपेनेही भरून निघालं नाही. रोज दुपारी झोपायची सवय असलेल्या मुलांना हे नुकसान जास्त झालं. लहान मुलाच्या मेंदूतली आठवण साठवायची तात्पुरती जागा लवकर भरते, ती झोपेत रिकामी होऊन ऐवज पक्क्या जागी जातो, असं त्या सांगतात. मेंदू वाढला, ती जागा मोठी झाली की मूल आपणहून दुपारची झोप सोडतं. म्हणजे चौथ्या वर्षी आम्हाला दामटून झोपवणारी आजी बरोबर होती, आणि आठव्या वर्षी डावा पाय हलवणारे आम्हीही बरोबर होतो. हा निकाल मी भावंडांच्या गटावर टाकला तेव्हा इंजिनियर आतेभावाने पाढे परत मागितले.

मोठ्या मुलांना झोप लागते ती रात्रीची. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली सांगितलं. तीन ते पाच वर्षांच्या पोराला दहा ते तेरा, दुपारची धरून. आमची बेरीज त्यात बसायची. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की पहाटे उठावं लागे, पण दुपारी वसूल. आज त्याच घरात पुतण्याचा मुलगा राहतो. अलिबागच्या शाळेची व्हॅन आधी भल्या पहाटे वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायची. दुपारी तो परत येतो तो शिकवणीला जायला. रात्री घरात तीन पडदे लखलखत असतात, एक भिंतीवर आणि दोन हातात.

सरकारदरबारी हे पोचायला 2023 उजाडलं. त्या वर्षी डिसेंबरात राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा असं सुचवलं, आणि 2024 च्या फेब्रुवारीत शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत. कुरकुर झाली. बसवाल्यांची गणितं बिघडली, दोन पाळ्यांत शाळा चालवणाऱ्यांना जागा पुरेना, नोकरी करणाऱ्या आईबापांना पोराला शाळेत पोचवून गाडी पकडणं जमेना. या तक्रारी खोट्या नाहीत. पण गंमत अशी की आमच्या पुतण्याच्या मुलाची व्हॅन उशिरा यायला लागली तसं पोराचं झोपणंही अर्ध्या तासाने पुढे गेलं. सकाळ सरकारने हलवली, रात्र हलवणार कोण?

ती एकदाच हलली, आणि हलवली वादळाने. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. दुपारभरात आजोबांनी लावलेल्या नारळी आडव्या झाल्या, पोफळी काडीसारख्या मोडल्या, पडवीची कौलं वाडीत जाऊन पडली. विजेचे खांब रस्त्याला झोपले. वीज परतायला कित्येक आठवडे गेले. टाळेबंदीमुळे माझी भाची तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याहून मार्चपासून नागावातच अडकली होती. पुण्यात हा मुलगा रात्री साडेदहा-अकराशिवाय डोळा मिटत नसे. आता फोन मेलेले, टीव्ही मुका, कंदिलाला तेलाची टंचाई. पहिल्या रात्री त्याने आकांत केला. आठवडाभरात तो आठाला जेवतानाच पेंगायला लागला. मग सकाळी उजाडता उजाडता उठून वाडीत पडलेल्या नारळांची मोजणी करायचा आणि आकडा काल कुठे थांबला होता ते त्याला आठवायचं. एका पोरावरून शास्त्र काढू नये. पण कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली याच वयाच्या मुलांना निजायच्या आधी तासभर प्रखर उजेडात बसवून पाहिलं होतं. झोप आणणारं मेलॅटोनिन त्यांच्या अंगात ऐंशी टक्क्यांहून जास्त घटलं, आणि दिवे मालवल्यावरही पाऊण तासात ते पूर्ववत झालं नाही. लहान मुलाच्या डोळ्याची बाहुली मोठी, भिंग स्वच्छ, त्यामुळे उजेड आत जास्त शिरतो. आजीचा बारीक केलेला कंदील रॉकेल वाचवण्यासाठी होता. फायदा मात्र भलतीकडेच झाला.

वीज आली त्या रात्री तो मुलगा बारा वाजेपर्यंत जागा होता. डास, उकाडा, गळकं छप्पर यांना कंटाळलेले आम्हीही दिव्यांखाली बसून राहिलो, ते सांगायला हवं.

गेल्या दिवाळीत सगळे जमलो होतो. माजघर आता पर्यटकांना भाड्याने दिलं जातं, त्यात एसी आहे, म्हणून आम्ही ओटीवर. मी हे सगळं वाचलेलं मोठ्या उत्साहाने सांगत होते, गोमेझबाई, स्पेन्सरबाई, पत्त्यांच्या जोड्या. जमावबंदीच्या काळातली धाकटी काकू तेवढी आता उरलीय. ती ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "काकू, तुम्हाला वाटायचं का गं तेव्हा, की झोपल्याने पोरं हुशार होतात?"

"हुशार?" ती म्हणाली. "सतरा पोरं होतात तुम्ही. दोन तास घर गप्प राहावं म्हणून झोपवायचो."

"आणि तुम्ही काय करायचात त्या दोन तासांत?"

"भांडी व्हायची, वाळवणं उलटायची. मग मागल्या पडवीत बसून मी वाचनालयातल्या कादंबऱ्या वाचायची. तुझ्या आजीला माहीत होतं, पण बोलली नाही कधी. तुम्ही मेले वेळेआधी उठायचात ना, तर मला मग रात्रीपर्यंत कळायचं नाही, पुढे त्या नायिकेचं काय झालं."